बास्योड्याच्या दिवशी बांधलेलं कर्नेल

माझा राग कशावर आहे ते आधीच सांगून टाकते. जयपूरच्या कॉम्प्युटर मार्केटात एक डीलर होता. माझ्या दुकानाची सगळी खरेदी मी त्याच्याकडे करायची. भाव मी ठरवायची, माल मी तपासायची, आणि चहा मात्र तो माझ्या नवऱ्याला द्यायचा. खुर्ची एकच रिकामी असली तर तीही नवऱ्याला. नवरा रेल्वेत, सिग्नल विभागात. त्याचा कॉम्प्युटरशी संबंध एवढाच, की मी घेतलेलं सामान तो स्कूटरवरून आणायचा. तरी डीलर मदरबोर्डाचं पुस्तक उघडायचा ते त्याच्यापुढे. नवरा नको तिथे मान हलवायचा. मी प्रश्न विचारला की उत्तर त्याला मिळायचं, आणि वर डीलर म्हणायचा, "साहब, भाभीजी को घर जाकर समझा देना."

घरी जाऊन नवरा मला विचारायचा, "काय म्हणत होता तो?"

इंटरनेट वापरायला लोक दुकानात जायचे तो हा काळ. आम्ही बडनेऱ्याकडचे. लग्न झालं तेव्हा माझा डिप्लोमा अर्धा राहिला होता. नवऱ्याची बदली जयपूरला झाली आणि रेल्वेच्या क्वार्टरमध्ये भांडी घासून दुपार सरेना, तेव्हा मी झोटवाड्यात एक गाळा भाड्याने घेतला. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या कुठल्याशा कारखान्याने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले होते आणि भंगारवाला ते वजनावर विकत होता. मी म्हटलं, "वजनावर देतोस ना? मग आतल्या हार्ड डिस्क काढून घे, तेवढं वजन कमी कर." त्याने हसत हसत काढून घेतल्या. बाई वेडी आहे असं त्याला वाटलं. मला डिस्क नकोच होत्या. एक चांगलं मशीन मागच्या बाजूला सर्व्हर म्हणून ठेवायचं, त्यावर लिनक्स घालायचं, आणि पुढची सगळी डबडी वायरने त्याला जोडून त्याच्या जिवावर चालवायची, हा माझा बेत होता. पुढच्या डबड्यांना फक्त पडदा, कीबोर्ड आणि वायर लागते. हे मी एका मासिकात वाचलं होतं. शिकवायला कोणी नव्हतं. वाचलं, बिघडवलं, पुन्हा वाचलं, असं करत दुकान उभं केलं.

ते चांगलं चाललं होतं. कारखान्यांतली पोरं गावाकडे मेल पाठवायला यायची, विद्यार्थी यायचे, लष्करातल्या लोकांच्या बायका यायच्या. व्हायरस माझ्या दुकानात शिरत नसे, ही तर झोटवाड्यात ख्यातीच होती. मग होळीच्या सुमारास एका दुपारी वीज गेली आणि परत आली ती अशा जोराने, की सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला. पुढची डबडी धडधाकट, पण सगळ्यांचा जीव एका मशीनमध्ये, आणि ते मशीन मेलेलं. शटर खाली आलं.

नवरा आणि मी मार्केटात गेलो. नवऱ्याला चहा मिळाला. मी बोर्ड निवडला, नवी हार्ड डिस्क निवडली आणि भाव पाडायला बसले. बसले म्हणजे उभीच होते. डीलर एका भावावर अडून बसला. मी निघाले. त्याने हाक मारली. परत आले. हे तीनदा झालं. नवरा दुसरा चहा पीत होता. शेवटी मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. "ठीक आहे," मी हिंदीत म्हटलं, "भाव माझा. त्याच्या बदल्यात मी जबान देते, बोर्ड परत आणणार नाही. चालो न चालो, माझा."

मार्केटात परतीचा माल ही डीलरची डोकेदुखी असते. त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, "पक्का?"

"पक्का. आणि वर एक मेमरी टाका."

"भाभीजी, आप तो जान ले लोगे." पण त्याने ड्रॉवर उघडला, आतून मेमरीची एक सुटी पट्टी काढली, शर्टाला पुसली आणि खोक्यात टाकली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "साहब, इनको रेलवे में भेज दो, सरकार का फायदा हो जाएगा." नवरा हसला. मीही त्या दिवशी खूश होते. स्कूटरवर खोकं मांडीत धरून बसले होते आणि वाटत होतं, आज मी जिंकले.

नवा बोर्ड बसवला. माझी लिनक्सची सीडी दोन-तीन वर्षांपूर्वीची. तिला नवी हार्ड डिस्क दिसेना, आणि बोर्डावरच्या नेटवर्कच्या चिपला ती ओळखसुद्धा देईना. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिनक्सच्या पोटात कर्नेल नावाचा गाभा असतो. तो मुकादम. कुठलं यंत्र कुणी हाताळायचं, कुणाला कधी काम द्यायचं, हे तो ठरवतो. माझा मुकादम जुना होता आणि कारखान्यात नवी यंत्रं आली होती. तो त्यांच्याकडे बघून नुसता उभा होता.

मी डीलरला फोन केला. परत करायचा नव्हता, जबान दिली होती. एवढंच विचारायचं होतं की या चिपचा नेमका नंबर काय, त्याच्या खोक्यावर वेगळाच छापला होता. तो म्हणाला, "भाभीजी, यह फोकट का सॉफ्टवेयर छोड़ो. विंडोज डालो, सब चलेगा. साहब हैं? जरा फोन दीजिए."

मी फोन आपटला. नंतर तो उचलून बघितला, फुटला नव्हता.

दोन दिवसांनी मांजींनी बोलावलं. मांजी म्हणजे माझ्या घरमालकीण. गाळ्याच्या मागे त्यांचा चौक, चौकापलीकडे त्यांचं घर. मला त्या बीनणी म्हणायच्या, म्हणजे सूनबाई. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि सरळ सांगितलं. माझा तोच डीलर येऊन गेला होता. त्याला झोटवाड्यात शाखा काढायची होती. त्याने बंद शटर पाहिलं होतं आणि मांजींना म्हटलं होतं, की भाभीजींचं काही आता चालायचं नाही, गाळा मला द्या.

"बंद दुकान घर रै सामने अच्छो कोनी लागै," मांजी म्हणाल्या; त्यांच्या बोलीत कोनी म्हणजे नाही. "नवरात्रा की थापना तक खोल ले. नहीं तो वो फीतो लेकर नाप लेने आवैगो."

हे नवरात्र चैत्रातलं, पाडव्याला बसणारं. मी म्हटलं, "खोल लूँगी, मांजी."

"किस तरह?"

हे मलाही माहीत नव्हतं. पण त्या क्षणी एक गोष्ट पक्की झाली. ज्या माणसाने मला बोर्ड विकला, वर माझ्या दुकानाला न चालणारं ठरवलं आणि माझ्याच गाळ्यात खुर्ची टाकून नवऱ्यांना चहा पाजायचं ठरवलं, त्याच्या हातात मी तो गाळा देणार नव्हते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "काऊन एवढी तापून राह्यली? विंडोज टाकून घे ना. दुकान चालल्याशी मतलब."

"विंडोज टाकलं तर पुढची सगळी डबडी पुन्हा भंगारात. प्रत्येकाला डिस्क घ्यायची कुठून? त्याच्याचकडून ना?"

 तो म्हणाला, "मग कर तुला काय करायचं ते. मी डबा घेऊन जाईन, स्वयंपाकाचं नको पाहू."

नवं कर्नेल मासिकासोबतच्या सीडीवर होतं, पण ते तयार नसतं. ते माणसांनी लिहिलेल्या मजकुराच्या रूपात असतं, हजारो फायलींत. आपल्या मशीनला काय हवं ते निवडायचं आणि मग कंपायलरकडून त्याचं मशीनला चालेल असं कर्नेल बांधून घ्यायचं. याला कंपाइल करणं म्हणतात. मी ते आधी कधी केलं नव्हतं. मासिकातच एक दुसरी सीडी होती, नुसती आत घातली की तिच्यावरूनच लिनक्स सुरू व्हायचं आणि तिला नवी डिस्क दिसायची. दुकान काही तिच्यावर चाललं नसतं, पण कुबडी म्हणून ठीक होती. तिच्या आधाराने मी जुन्या डिस्कवरची माझी सगळी व्यवस्था नव्या डिस्कवर उतरवून घेतली आणि तिथेच कर्नेल बांधायला बसले.

दिवस निवडला बास्योड्याचा. शीतलामातेचा तो दिवस होळीनंतर आठवड्याने येतो. जयपूरमध्ये त्या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या दिवशी रांधलेलं थंड खायचं, मातेलाही थंडच दाखवायचं. निम्मा झोटवाडा देवळाला जातो, रस्त्यावर शुकशुकाट असतो. आम्ही बौद्ध, आमच्या घरात देवी नाही, मला एवढंच दिसलं की त्या दिवशी "दीदी, नेट कब चलेगा" म्हणून कोणी शटर वाजवणार नाही.

आधी निवड करायची होती. निळ्या पडद्यावर यादी उघडते आणि एकेका गोष्टीपुढे हवी की नको ते सांगायचं. हे मला फार आवडलं. हा तर भावच पाडायचा होता! प्रिंटरची जुनी पद्धत? नको. रेडिओ? कशाला? टीव्ही कार्ड? काढ. स्कझी नावाचं एक मोठं दालन होतं. मोठ्या कंपन्यांच्या महागड्या डिस्कसाठी असतं ते, असं मी वाचलं होतं. माझ्याकडे कुठली महागडी डिस्क? दालनाचं दारच बंद केलं, आत डोकावलेसुद्धा नाही. बाजारात बाई ज्या तोऱ्यात "यह निकालो, वह निकालो" करते, त्या तोऱ्यात मी कर्नेल सोलून काढलं. नेटवर्कच्या चिपचा खरा नंबर त्या कुबडीच्या सीडीने दाखवला होता; तो भाग मात्र आतच बांधून घेतला. तिच्यासाठी तर एवढा आटापिटा होता.

मग हुकूम दिला आणि पडद्यावर फायलींची नावं धावू लागली. एक बांधली, दुसरी बांधली. मी हात जोडून बसले होते म्हणायला हरकत नाही. अर्धा तास झाला असेल, आणि गाडी थांबली. कंपायलर स्वतःच कोसळला होता. माझी चूक असती तर त्याने चूक दाखवली असती. त्याने एवढंच म्हटलं होतं, की मी आतल्या आत पडलो.

पुन्हा सुरू केलं. तेवढ्यात मागच्या दारातून मांजी आल्या. हातात ताट. बाजरीची राबडी, गोड पुए, दहीभात, सगळं थंड. त्यांनी ताट ठेवलं, आणि मशीनच्या मागून चौकाकडे जाणारा वारा त्यांच्या पायाला लागला. त्या वाकल्या, हात धरला.

"बीनणी, यो कांई छै?"

"मशीन आहे... मशीन है, मांजी."

"मशीन कोनी, चूल्हो छै. हाथ लगा. आज के दिन म्हारै चौक में चूल्हो?"

खरंच मशीन तापलं होतं. कंपाइल करताना प्रोसेसरला क्षणाची उसंत नसते. मी म्हटलं, आग नाही, धूर नाही. मांजी म्हणाल्या, धूर नसला तर काय झालं, ऊन तर आहे. मातेला ताप चालत नाही. घरात नातवंडं आहेत, गोवर-कांजिण्या आल्या तर कोण उत्तर देणार? बंद कर.

आता कोणी मला बंद कर म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हणणार होते, भाडं देते, गाळा माझा. पण गाळा माझा आहे की नाही तेच तर आठवड्याभरात ठरायचं होतं. मी राग गिळला आणि सौदा मांडला.

"मांजी, तापलं नाही तर?"

"कांई?"

"मशीन चालू राहील, पण थंड. तुम्ही हात लावून बघा. गरम लागलं तर मी स्वतः बंद करीन."

मांजींनी विचार केला. मग म्हणाल्या, "मैं घड़ी-घड़ी आऊँगी."

मी मशीनच्या खोक्याची बाजू उघडली, क्वार्टरवरून टेबलफॅन आणून तो आत तोंड करून लावला, मागची खिडकी उघडली. मांजींनी स्वतः अंगणातली पाण्याची मडकी आणून खिडकीत ठेवली, वारा त्यांच्यावरून यावा म्हणून. त्याचा उपयोग किती झाला देव जाणे, पण त्यांचं समाधान झालं. त्या येत, पत्र्याला हात लावत, "ठंडो छै" म्हणत आणि जात. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या, त्याच्यावरच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला मी बोट लावून बघत होते. कोमटसुद्धा नव्हता.

आणि कंपायलर पुन्हा कोसळला.

मी शिव्या दिल्या, वऱ्हाडीत, इथे कोणाला कळू नयेत म्हणून. मग पडद्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदा तो एका फायलीवर पडला होता. आता पडला तो दुसऱ्याच फायलीवर, आणि पहिली फाईल या खेपेला सुखरूप पार झाली होती. तिसऱ्यांदा सुरू केलं. आता तिसऱ्याच ठिकाणी पडला.

फायलीत खोट असती तर तो दर वेळी त्याच फायलीवर अडला असता. रोज वेगळ्या दगडाला ठेचाळणाऱ्या माणसाला दगड दाखवून उपयोग नसतो, त्याचे डोळे तपासावे लागतात. म्हणजे खोट मशीनमध्ये. एरवी मी म्हटलं असतं, तापलं असेल. पण तापलं नव्हतं. मांजींनी तापूच दिलं नव्हतं. मग उरलं काय? कंपायलर चालताना सगळा पसारा मेमरीत मांडतो. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एक माझ्या जुन्या मशीनमधली, वर्षानुवर्षं चाललेली. दुसरी त्याच्या ड्रॉवरमधली, शर्टाला पुसलेली.

मी ती दुसरी पट्टी उपटली आणि बाजूला ठेवली.  भाजीवाला वर कोथिंबिरीची काडी टाकतो, ती सडकी निघाली तर बाई त्याच्या गाडीवर परत जात नाही?

एका पट्टीवर काम फार हळू चाललं. मांजींची राबडी खाल्ली, पुए खाल्ले, पडद्याकडे बघत दहीभात संपवला. मांजी शेवटच्या वेळी आल्या तेव्हा कर्नेल पूर्ण झालं होतं. त्यांनी पत्र्याला हात लावला आणि म्हणाल्या, "हुयो?"

"हुआ, मांजी."

नव्हतं झालं. मशीन नव्या कर्नेलवर सुरू केलं. अक्षरांच्या ओळी वर सरकल्या आणि मग सगळं गोठलं. कर्नेल म्हणत होतं, मूळ डिस्क सापडत नाही, मी घाबरलो. खरंच, त्या संदेशात घाबरण्याचाच शब्द असतो. मांजींनी विचारलं, "अब कांई बोलै छै?"

"घर नहीं मिल रहा इसको."

"रास्तो बता दे," मांजी म्हणाल्या आणि ताट घेऊन गेल्या.

पुढचे काही दिवस माझे त्यातच गेले. सकाळी नवऱ्याला निरोप द्यायचा आणि गाळ्यात जायचं. डिस्कची वायर बदलून पाहिली. डिस्कचं नाव वेगळं लिहून पाहिलं. मग पुन्हा ती निळी यादी उघडली आणि नव्या पद्धतीच्या डिस्कचा विषय शोधू लागले. कुठे म्हणून सापडेना. सगळी दालनं फिरले. शेवटी मदतीचा मजकूर ओळ न् ओळ वाचायला घेतला, जो मी त्या दिवशी एकदाही वाचला नव्हता. कोणता भाव पाडणारा माणूस मालाचं वर्णन वाचतो? आणि तिथे मिळालं. माझ्या नव्या, साध्या, स्वस्त डिस्कचा भाग ज्यांनी हे कर्नेल लिहिलं त्यांनी ठेवला होता तो स्कझीच्या दालनात. आतल्या खोलीत. मी दारच बंद केलं होतं, म्हणून ती खोली यादीत दिसतच नव्हती. महागड्या लोकांचं म्हणून जे कापून टाकलं होतं, त्याच्याच आत माझं बिऱ्हाड होतं.

नवऱ्याला रात्री जेवताना सांगितलं. तो बराच वेळ हसला. म्हणाला, "मेमरी फुकट घेतली आन् दरवाजा कापून टाकला. लय सौदे केले बाप्पा तू यंदा."

"हसू नका. चटणी घ्या."

दार उघडलं, आतली खोली निवडली, पुन्हा बांधलं. या वेळी ओळी वर सरकत राहिल्या आणि अखेर माझ्या मशीनने माझं नाव विचारलं. मी खुर्चीत नुसती बसून राहिले. मग पुढचं डबडं चालू केलं. त्याने सर्व्हरला हाक मारली, हाक मारत राहिलं, उत्तर नाही.

मला रडू आलं नाही, संताप आला. पण आता मी शहाणी झाले होते. संताप आला तरी आधी वाचायचं. सर्व्हरला नेटवर्कची दोन तोंडं होती. एक बाहेरच्या इंटरनेटकडे, ते वेगळ्या कार्डावर. दुसरं माझ्या डबड्यांकडे, ते बोर्डावरच्या चिपवर. नव्या कर्नेलने चिपला पहिला नंबर दिला होता आणि कार्डाला दुसरा. माझ्या जुन्या व्यवस्थेत उलट लिहिलं होतं. म्हणजे मशीन डबड्यांना वाढायचं ताट घेऊन रस्त्याच्या दारात उभं होतं. व्यवस्था बदलायची तर चार ठिकाणी लिहावं लागलं असतं. मी मशीनच्या मागे गेले, दोन वायरी उपटल्या आणि अदलाबदल करून लावल्या.

पुढचा पडदा उजळला. मग त्याच्या शेजारचा. मग ओळीने सगळे.

मी शटर वर केलं, पूर्ण, खडखडाट करत, शेजारच्या दुकानदारांना ऐकू जाईल असं.

स्थापनेच्या आदल्या दिवशी डीलर आला. हातात खरंच मोजायचा फीता होता. सोबत मांजी. दुकानात गिऱ्हाईक होतं, एक मुलगा चॅट करत हसत होता, दोन बायका मेल लिहीत होत्या. डीलर दारात थबकला.

"अरे वाह, चल गया? साहब ने कर लिया?"

"साहब ड्यूटी पर हैं," मी म्हटलं, आणि काउंटरवर ती मेमरीची पट्टी ठेवली. "यह आपकी है."

त्याने ती ओळखली. त्याचा चेहरा गंभीर झाला. "भाभीजी, आपने जबान दी थी. वापसी नहीं."

"बोर्ड की दी थी. बोर्ड मेरे पास है, चल रहा है, मेरा है. यह सौदे में नहीं थी. यह आपने ऊपर से डाली थी. मैं सौदा नहीं लौटा रही, आपकी भेंट लौटा रही हूँ."

"इसमें खराबी क्या है? विंडोज में आराम से चलेगी."

"चलेगी. फिर एक दिन किसी की फाइल बिगाड़ेगी और आप कहोगे, वायरस है."

त्याच्याकडे उत्तर होतं, ते तो देणारही होता. पण मांजी मध्ये आल्या. "कांई बात छै, बीनणी?"

मी त्यांना सांगितलं. मशीन-मेमरी काही नाही, त्यांच्या भाषेत सांगितलं. यांच्याकडून मी मोठं सामान घेतलं, यांनी वर खुशीने एक वस्तू टाकली, ती खोटी निघाली. बास्योड्याच्या दिवशी तुमच्या चौकात मशीन दर घडीला पडत होतं ते तिच्यामुळे. मातेचा त्यात काही दोष नव्हता.

मांजींनी पट्टी उचलून बघितली, उलटी केली, परत ठेवली. त्यांना त्यात काय दिसणार! पण त्या डीलरला म्हणाल्या, "सौदा में तो सगळा ही ऊँचो-नीचो करै. पण ऊपर सूं दियोड़ी चीज खोटी?"

"मांजी, यह टेक्निकल बात है," तो म्हणाला. "आप नहीं समझोगी. भाभीजी को भी..."

"फीतो समेट ल्यो, भाया," मांजी म्हणाल्या.

तो फीता गुंडाळत असतानाच नवऱ्याची स्कूटर दारात थांबली. ड्यूटीवरून येताना तो मला न्यायला आला होता. डीलर बाहेर गेला आणि मी काचेतून पाहिलं, त्याने माझ्या नवऱ्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला. "बधाई हो, साहब. कमाल कर दिया आपने."

नवऱ्याने मान हलवली. नको तिथे.

मांजींनी गाळा माझ्याकडे ठेवला, पण अट घातली. दरवर्षी बास्योड्याला मशीन बंद. मी म्हटलं, दुपारपर्यंत. त्या म्हणाल्या, पूर्ण दिवस. मी म्हटलं, पंखा लावीन, मडकी ठेवीन. त्या म्हणाल्या, पूर्ण दिवस. मी म्हटलं, मग त्या दिवशीचं ताट तुमच्याकडून. "वो तो वैसे भी आवैगो," त्या म्हणाल्या. तो सौदा मी तसाच मान्य केला आणि झोटवाड्यात होते तोवर पाळला.

दुसऱ्या दिवशी डीलरचा माणूस आला. नवी मेमरी होती, सीलबंद पाकिटातली.

"साहब के लिए भेजी है," तो म्हणाला.

"यहाँ कोई साहब नहीं बैठता," मी म्हटलं. "वापस ले जाओ. ठीक से पूछकर आओ, किसके लिए है."

तो बावरला. बाहेर उभं राहून तो मोबाइलवर बराच वेळ बोलला. एकदा फोन कानापासून लांब धरला, म्हणजे पलीकडून आरडाओरडा चालू असावा. मग आत येऊन तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मैडम के लिए है जी."

मी पाकीट घेतलं. त्याला खुर्ची दिली. चहा मागवला. गिऱ्हाइकांना म्हटलं, आज दुकान जरा उशिरा सुरू होईल. मशीन बंद केलं, नवी पट्टी बसवली, मशीन चालू केलं आणि कर्नेल पुन्हा पहिल्यापासून बांधायला लावलं. ते शेवटच्या फायलीपर्यंत न पडता पूर्ण होईस्तोवर त्या माणसाला मी खुर्चीतून उठू दिलं नाही.